पाच वर्षांनी उघडायचं पाकीट

माझ्या मुलाच्या, अमोलच्या, जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या घराचे मालक तळमजल्यावर राहायचे, आणि त्यांना चुकायला फार आवडायचं.

चुका सगळेच करतात. मी तर भरघोस केल्या आहेत, पुढे येतीलच. पण आपण चुकलो हे कळल्यावर मांडीवर थाप मारून जिना घुमेल एवढ्या मोठ्याने "फाल्श!" असं ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फाल्श म्हणजे चूक. ते ओरडले की दुसऱ्या मजल्यावर माझी सून मुग्धा पोळी उलटता उलटता म्हणायची, "अहो आई, मालक आज खुशीत दिसतायत."

त्यांचा उद्योग असा होता, की घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते पेन्सिलने तारीख घालून एक भाकीत लिहायचे आणि मग ते खरं होतंय का याची वाट बघत बसायचे. जर्दाळूचा जॅम केला की बरणीच्या चिठ्ठीवर, 'फार गोड होणार.' नाताळात बरणी उघडून चमचाभर चाखायचे आणि खाली निकाल लिहायचे. टोमॅटोच्या कुंडीतल्या काठीला कागद बांधलेला असायचा, 'पहिला लाल टोमॅटो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात.' दारातल्या पायपुसण्याच्या उलट्या बाजूला लिहायचे, सायकलच्या नव्या टायरवर लिहायचे. तळघरात सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक कपडे धुण्याचं मशीन होतं, त्यावर लिहिलं होतं, 'हे माझ्याआधी जाणार.' मालक जाऊन आता काही वर्षं झाली. मशीन चालू आहे. त्या ओळीखाली कोणीतरी ठळक अक्षरांत 'फाल्श' लिहून ठेवलंय. अमोल म्हणतो मी नाही, मुग्धा म्हणते मी नाही. मला विचारायचं कोणी धाडस केलेलं नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्यावरही लिहिलं. मला चिठ्ठी कुठे चिकटवणार, म्हणून आमच्या पत्रपेटीच्या आतल्या बाजूला लिहिलं, 'दुसऱ्या मजल्यावरची आजी. दोन आठवड्यांत हीटरबद्दल तक्रार करणार.' मी नवव्या दिवशीच केली. तर मालकांचा चेहरा असा पडला, की मलाच वाटलं आणखी सहा दिवस शाल पांघरून काढले असते तर काय बिघडलं असतं. भाकीत बरोबर निघालं की त्यांचा तो दिवस वाया जायचा.

उंच, जरासे पुढे वाकलेले, कानावर पेन्सिल, डोक्यावर एक रंग उडालेली टोपी. टोपी निळी आहे असं अमोल म्हणायचा, मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मोटारींच्या मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते तिकडचं गावाकडचं जर्मन. कुठल्याही प्रश्नाला उत्तर एकच, "शाउ मा मोल." म्हणजे, बघू या. पाऊस येईल का हो? शाउ मा मोल. न्हाणीघरातला नळ कधी दुरुस्त होणार? शाउ मा मोल. नळ मात्र त्याच दुपारी दुरुस्त व्हायचा.

आता माझी माहिती द्यायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची पोरसवदा बाई होते. नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं प्रवेश विभागात काढून नुकतीच निवृत्त झालेली. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी, प्रतीक्षा यादी. माझ्या सहीचा कागद काचेच्या फळ्यात लागला की बाहेर मुलं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. या यादीत जो वर तो आयुष्यातही वर राहणार, जो खाली तो खाली, अशी माझी ठाम समजूत होती. देवानेही वर एक कारकून नेमला असणार आणि तो साधारण माझ्यासारखाच चष्मा लावत असणार, असं मला मनातून वाटायचं.

आणखी एक ऐट होती. तीस वर्षांत पेढ्यांचे जेवढे बॉक्स आले तेवढे मी परत पाठवले. एकदा तर एका पालकांची आंब्यांची पेटी मी शिपायाकरवी त्यांच्या रिक्षापर्यंत पोचवली होती. विभागातल्या बायका मला तोंडावर 'मॅडम' म्हणायच्या आणि पाठीमागे 'आचारसंहिता'. मला दोन्ही आवडायचं.

व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा, म्हणून मी दर वर्षी एप्रिल ते जून तिकडे. नात, रेवा, पहिल्या वर्षी, म्हणजे दोन हजार बारा साली, आठ वर्षांची होती. माझं मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये द्यायची. मला तिचं जर्मन निम्मं शब्दांवरून कळायचं आणि उरलेलं चेहऱ्यावरून. इथे मी ते सगळं मराठीतच लिहिते.

तर या रेवाला मालकांनी बेसबॉलचं वेड लावलं. युद्धानंतर त्या भागात अमेरिकन सैनिक होते, त्यांच्याकडून मालक लहानपणी तो खेळ शिकले होते, आणि डोनाउ नदीच्या कडेला एक छोटा क्लब होता त्याचे ते सर्वांत जुने सभासद. मैदान पत्त्यांतल्या चौकटसारखं. धावायच्या वाटेवर लाल माती. बॅट म्हणजे लाटण्याची थोरली बहीण. याहून जास्त मला त्या खेळातलं आजही कळत नाही.

अमेरिकेतले मोठे संघ दर वर्षी नवे खेळाडू क्रमाने, एकामागून एक निवडतात, आणि त्या वर्षीचा पहिला कसा निघाला, तिसावा कसा निघाला यावर तिकडचे लोक पुढे वर्षानुवर्षं वाद घालतात, असं मालकांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तीच रीत त्यांनी आठ वर्षांच्या पोरांना लावली. एप्रिलभर नवी मुलं धावून, चेंडू फेकून दाखवायची आणि मेच्या पहिल्या शनिवारी मालक यादी वाचायचे. एक, तीन, पाच लाल संघात, दोन, चार, सहा निळ्या संघात. त्या दिवशी वाचायची फक्त नावं. पण कागदावर प्रत्येक नावापुढे शेरा आणि भाकीत असायचं. तो कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि पाच वर्षांनी सगळ्या क्लबसमोर उघडायचं. ज्याचं नाव आलं त्याने उभं राहायचं आणि निकाल त्यानेच द्यायचा, बरोबर की चूक. जेवढी भाकितं चुकतील तेवढ्या फेऱ्या मालकांनी हातात दाताळं घेऊन लाल माती सारखी करायची. कोणी मदत करायची नाही. आजूबाजूच्या सगळ्या क्लबांत या क्लबचं मैदान सर्वांत गुळगुळीत होतं, यावरून काय ते समजा.

यादी म्हटल्यावर माझे कान टवकारले. "रेवा कितवी येईल?" मी अमोलला विचारलं.

"आई, कितवी आली तरी खेळायला मिळतंच."

"असं बापानेच म्हटल्यावर झालं!" मी म्हटलं. आणि गुरुवारी, मुग्धा ऑफिसात, अमोल कारखान्यात आणि रेवा शाळेत असताना, मी बेसनाचे आठ लाडू वळले, डब्यात भरले आणि तळमजल्यावर गेले. हो, मीच. आचारसंहिता.

बरोबर दुभाषी न्यायची सोय नव्हती, उघडच आहे. मी डबा उघडला. वर दुसऱ्या मजल्याकडे हात केला. "रेवा," म्हटलं. आणि एक बोट दाखवलं. पहिला नंबर. मालकांनी बोटाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि एक लाडू उचलून खाल्ला. मी पुन्हा म्हटलं, "रेवा," आणि पुन्हा बोट. त्यांनी दुसरा लाडू उचलला, माझा चेहरा बघून परत ठेवला. शेवटी "शाउ मा मोल" म्हणून डबा घेऊन आत गेले. मला वाटलं, काम झालं. शुक्रवारी दारात डबा आला. लख्ख घासलेला, पुसलेला आणि रिकामा. आपल्याकडे रिकामा डबा कोणी परत करत नाही, निदान चार मिरच्या तरी घालतात. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी आधी जुनं पाकीट उघडलं गेलं, पाच वर्षांपूर्वीचं. मुग्धा माझ्या कानाशी लागून भाषांतर करत होती. मालकांनी वाचलं, "चार नंबर. मुलगा ठीक आहे. बाप काठावरून ओरडतो. बाप गप्प बसला तर मुलगा खेळेल, नाहीतर दोन वर्षांत सोडेल." तो बाप तिथेच, पावात घातलेला सॉसेज तोंडाशी नेलेला. त्याचा तेरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "बरोबर. सोडला." सॉसेज तिथल्या तिथे थांबला. सगळे हसले, मग तो बापही हसला. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. हा माणूस सगळं लिहितो. आणि सगळं वाचतो.

मग त्या वर्षीची नवी नावं. लाल, निळा, लाल, निळा. बारा मुलं होती. बारावं नाव रेवाचं.

रविवारी मी रेवाला म्हटलं, "चल खाली, मालकांना विचारू. आमच्याकडे फेरतपासणीचा अर्ज असतो."

"नाही," रेवा म्हणाली.

"अगं, शेवटचा नंबर!"

"असू दे ना, आजी. कोणीतरी शेवटचं असणारच." आणि ती हातमोजा घेऊन पळाली.

नाशिकला आमच्या ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डबा? तू नेलास? तू?" आणि हसायला लागले ते थांबेनात. पुढची पाच वर्षं मे महिना उजाडला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लागली का यादी?"

त्यांना हसू येत होतं, मी मात्र बोटांवर वर्षं मोजत होते. आता हिशेब सरळ होता. रेवा तेरा वर्षांची होईल तेव्हा ते पाकीट उघडणार. लाडू, बोट, आजी, सगळं भर क्लबात वाचलं जाणार. मुलगा-सून हसतील, हसू देत. पण रेवाला काय वाटेल? ही पोरगी अशी, की एकदा धावताना पंचांनी तिला नाबाद दिलं तर मैदानातून ओरडली, "नाही, त्याचा हात लागला मला!" आणि आपणहून बाहेर जाऊन बसली. तिच्या संघातली मुलं चिडली. मी काठावर शेजारच्या बाईंना खुणेने सांगत होते, माझ्यावर गेलीय. अगदी माझ्यावर.

पुढच्या वर्षी गेले ती एक बेत घेऊनच. पाकिटं कुठे असतात ते मी हेरून ठेवलं होतं. तळघरात, कपड्यांच्या मशीनच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. एका सकाळी धुणं लावायच्या निमित्ताने मी खाली गेले आणि डबा काढला. झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली. एवढं जर्मन मला तोवर येत होतं. 'दुसऱ्या मजल्यावरची आजी हा डबा शोधणार. पुढच्याच वर्षी.' तारीख गेल्या मे महिन्यातली.

तरी हात थांबला नाही. तेव्हाची मी अशीच होते. झाकण उघडलं. सगळ्यात वर एक फोटो पालथा ठेवलेला. सुलटा केला तर मालकांच्या लग्नाचा. मालक टोपीशिवाय, आणि शेजारी एक ठेंगणी, मिश्कील डोळ्यांची बाई. फोटोच्या मागे बाईच्या अक्षरात एक ओळ, 'फार तर दोन वर्षं टिकेल.' आणि त्याखाली तिसऱ्या वर्षापासून, दर वर्षी एक, त्याच अक्षरात, फाल्श. फाल्श. फाल्श. दोन रांगा भरून तिसरी अर्ध्यावर थांबलेली.

मी फोटो होता तसा ठेवला. खालच्या पाकिटांना हात लावला नाही. डबा फळीवर ठेवून वर आले आणि धुणं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर झाकणावरच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बरोबर.' मी डबा उलट्या तोंडाने ठेवला असणार, त्यावरून त्यांनी ओळखलं. मालक जिन्यात भेटले. त्यांनी फक्त मला कुंडीतला एक कच्चा टोमॅटो दिला.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. रेवा चौथीत. तिथे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या करतात. वरच्या शिक्षणाला जाणारी गिम्नाझिउममध्ये, बाकीची दुसऱ्या शाळांत. मे महिन्यात शाळेचं पत्र आलं. रेवाचं गिम्नाझिउम थोडक्यात हुकलं होतं. तिची शिफारस रेआलशूले म्हणजे मधल्या दर्जाच्या शाळेसाठी होती. घरात सुतक पडल्यासारखं झालं. अमोल जेवेना, मुग्धा बोलेना. तीन दिवसांची एक जादा परीक्षा असते, तिच्यातून वर जाता येतं असं कळलं, आणि मी पदर खोचला. चौकोन आखून वेळापत्रक केलं. सकाळी गणित, दुपारी जर्मन, संध्याकाळी पुन्हा गणित. बेसबॉलच्या चौकोनावर फुली.

चौथ्या दिवशी दाराची घंटा तीनदा वाजली. मालक. दुरुस्तीचं काम नसेल तर ते भाडेकरूंकडे कधी वर येत नसत. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि विचारलं, मुलगी मैदानावर का येत नाही? मुग्धाने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. रेवा वेळापत्रकाखाली बसून अपूर्णांक सोडवत होती. मी ओट्याशी उभी. आता हे लाडवांचं काढतात की काय!

त्यांनी वेळापत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुग्धाला म्हणाले, "या बाई तीस वर्षं याद्या लावत होत्या ना? विचार त्यांना, बरोबर निघाल्या का?"

"काय बरोबर निघाल्या का?" मी विचारलं.

"याद्या. पहिला आलेला पुढे पहिला राहिला का? शेवटच्याचं काय झालं?"

"मला काय माहीत!" मी म्हटलं. "यादी लावली की आमचं काम संपलं."

मुग्धाने ते जर्मनमध्ये सांगितलं. मालक माझ्याकडे बघत राहिले. मी जणू सांगितलं होतं, की तीस वर्षं स्वयंपाक केला पण एकदाही चाखून पाहिला नाही. "कधीच नाही? एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत?"

मी आठवू लागले. तीस वर्षं, दर वर्षी शेकडो नावं. आणि त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं ते मला सांगता येईना. एक जण आठवला, पाचवा किंवा सहावा प्रतीक्षा यादीवरचा, बापाबरोबर रडत गेला होता. तो कुठे आहे, काय करतो? शून्य माहिती.

मालक उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "शाउ मा मोल." त्या दिवशी संध्याकाळी रेवा मैदानावर गेली. फुली मीच खोडली. तिने जादा परीक्षाही दिली, पुन्हा थोडक्यात हुकली, आणि सप्टेंबरात रेआलशूलेत गेली. आभाळ होतं तिथेच राहिलं. अमोलचं जेवण तर जूनमध्येच सुरू झालं होतं.

आणि दोन हजार सतराचा मे उजाडला.

सकाळी मी गुडघा दुखतो असं म्हणून पाहिलं. अमोल म्हणाला, "आई, तिथे बसायचंच तर आहे." मुग्धा म्हणाली, "अहो आई, रेवाचं वर्ष आहे. तुम्ही नसाल तर कसं?" निघाले.

मालक त्या वर्षी बरेच थकले होते. चष्म्यावर भिंग धरून वाचत होते. बारापैकी नऊ मुलं जमली होती, तेराचौदा वर्षांची, लांबच लांब हातपायांची. मालकांनी पाकीट सगळ्यांना फिरवून दाखवलं, चिकटलेलं आहे ना? आणि फाडलं.

एक नंबर. 'हात दैवी. पाच वर्षांत मोठ्यांच्या संघात.' त्या मुलाने दुसऱ्याच उन्हाळ्यात खेळ सोडला होता, तो आता बँडमध्ये स्वतःएवढं मोठं पितळी वाद्य वाजवतो. खास निकाल द्यायला आला होता. "चूक!" मालकांनी मांडीवर थाप मारली, "फाल्श!" दोन नंबर. 'चेंडूला घाबरतो. भीती जाणार नाही.' तो फलंदाजाच्या मागे बसून दर चेंडू झेलणारा झाला होता. म्हणाला, तोंडावर जाळी मिळाल्यावर भीती गेली. फाल्श! पाच नंबरची मुलगी वडिलांच्या नोकरीमुळे ब्योब्लिंगेन नावाच्या दुसऱ्या गावी गेली होती, तिने कार्ड पाठवलं होतं. कार्डावर, भाकीत काय ते न बघताच, एकच शब्द, चूक. सात नंबर. 'येईल, पण खाण्यासाठी.' तो शेगडीपाशी सॉसेज भाजत होता, तिथूनच चिमटा वर करून ओरडला, "बरोबर!" नऊ नंबर. 'नेहमी उशिरा.' सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नऊ नंबर त्या क्षणी सायकल भिंतीला लावत होता. लोक हसून हसून वाकले, आणि त्या बिचाऱ्याला कळेना काय झालं ते.

मलाही हसू आलं. मग लगेच गेलं.

"बारा," मालक म्हणाले. "रेवा."

रेवा उभी राहिली. मुग्धा माझ्या कानाशी. "'धावणं चांगलं. नेम चांगला. खरं म्हणजे तिसरी.'"

"तिसरी?" अमोल म्हणाला.

"'गुरुवारी आजीने आठ...'" मुग्धा थांबली. माझ्याकडे पाहिलं. "अहो आई, 'पिवळे गोड गोळे' म्हणतायत. 'आणि एक बोट दाखवलं.'"

मी पायांखालच्या गवताकडे बघत होते. मालकांचा आवाज एकाच चालीत पुढे चालू होता, आणि मुग्धाचा त्याच्या मागोमाग.

"'शुक्रवारी मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला विचारलं, बोटाचा अर्थ काय. म्हणाली, पहिला नंबर. मग बराच वेळ टोमॅटोच्या कुंडीतली माती उकरत बसली. मग म्हणाली, मला शेवटचा द्या. मी म्हटलं, तू तिसरी आहेस. म्हणाली, तिसरा दिलात तर आजीला वाटेल गोळ्यांमुळे मिळाला. आणि मलाही वाटेल. म्हणून बारावी. भाकीत: ती हे आजीला सांगणार नाही. पाच वर्षं नक्की नाही.'"

मालकांनी भिंग खाली ठेवलं आणि रेवाकडे पाहिलं. "मग?"

"बरोबर," रेवा म्हणाली.

मालकांचा चेहरा पडला. सवयच होती. पण पेन्सिल कानावरून काढून त्यांनी कागदावर निकाल लिहिला तो नेहमीपेक्षा सावकाश. अमोल माझ्याकडे वळून "आई?" म्हणाला, अगदी त्या सुरात, ज्या सुरात मी त्याला सातवीत असताना 'अमोल?' म्हणायचे. मुग्धाने तोंडावर रुमाल धरला होता. ती रडत नव्हती.

ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं, हा नियम. माझं नाव नव्हतं आलं, पण शेरा माझ्यावरही होता. मी उभी राहिले. जर्मन जेवढं सुचलं तेवढं बोलले. "हो," म्हटलं. "आठ. बेसनाचे." आणि काय वाटलं कोण जाणे, सवयीने बोटही वर केलं. त्यावर जो हशा झाला तो नदीपलीकडे गेला असेल. जुन्या पाकिटातल्या चार नंबरचा तो ओरडणारा बाप, आता क्लबचा खजिनदार झाला होता, त्याने येऊन माझ्याशी हात मिळवला. आपल्या गोटात आणखी कोणी आल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

परत येताना नदीकाठाने मी आणि रेवा दोघीच चाललो होतो. बाकीचे मालकांच्या फेऱ्या मोजायला मागे थांबले होते. रेवाने सायकल हातात धरली होती.

"पाच वर्षं?" मी विचारलं. "एकदाही बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी काय विचारणार होते, कपाळ? राग आला होता का गं माझा?"

"हो. खूप."

"किती दिवस?"

तिने आठवून पाहिलं. खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी चालायची थांबले.

"जूनपर्यंत," ती म्हणाली. "मग तुझं विमान होतं. एअरपोर्टवर तू रडत होतीस, तेव्हा कसं रागवणार? पण थोडा शिल्लक होता. पुढच्या वर्षी तू आलीस ना, तेव्हा संपला."

"का? काय केलं मी?"

"तू आल्या आल्या मॅच बघायला आलीस. दोन तास उन्हात बसलीस. आणि सगळा वेळ दुसऱ्या संघासाठी टाळ्या वाजवल्यास."

"अगं! मग मला कोणी सांगितलं नाही ते?"

"त्यांना आवडलं होतं. त्यांच्याकडून कोणीच आलं नव्हतं."

एवढं बोलून तिने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून सायकलच्या हँडलला अडकवली. सायकलवर बसली असती तर घरी पाच मिनिटांत पोचली असती. पण माझ्या गुडघ्याच्या चालीने, ती सायकल ढकलत, माझ्या शेजारून चालत राहिली.